खानदानी माती

४ जुलै

आमच्या अंगणात आज तण उगवलं.

हे वाक्य मी मुद्दाम वेगळ्या ओळीत लिहिलंय. राज्यं बुडाल्याच्या नोंदी अशाच एका ओळीत असतात. सकाळी दूध घ्यायला दार उघडलं, तर पायरीखालच्या दोन फरश्यांच्या फटीतून एक हिरवं पातं मान वर काढून माझ्याकडे बघत होतं. न बोलावता आलेल्या आणि जेवूनच जाणाऱ्या पाहुण्याच्या चेहऱ्यावर जो निवांतपणा असतो, तो त्याच्या तोंडावर होता. मी त्याच्याकडे बघत उभी राहिले, तेवढ्यात आत चहा गार झाला. तो पुन्हा गरम करावा लागला. दोनदा गरम केलेला चहा म्हणजे काय छळ असतो, हे ज्यानं प्यायलाय त्यालाच ठाऊक.

इतरांना यात विशेष काही वाटणार नाही, म्हणून पार्श्वभूमी लिहून ठेवते. अंगण एकच, पण मधून विटांची एक ओळ गेलीय. ओळीच्या अलीकडे आम्ही, म्हणजे मी आणि माझा दंतवैद्य नवरा. पलीकडे दोन खोल्यांत त्याची थोरली बहीण, आमच्या आक्का. आमच्या बाजूला फरशी आणि कडेला गुलाबाचा वाफा. आक्कांच्या बाजूला नुसती माती, आणि त्या मातीत सदानकदा आक्का. इतकी वर्षं मी बघतेय, त्यांच्याकडे तण उगवतं, आमच्याकडे उगवत नाही. त्या पहाटे उठून बुटक्या स्टुलावर बसून खुरप्यानं खरखर करत असतात. मी उठून दार उघडते तेव्हा आमची बाजू लख्ख, आणि त्यांचं आपलं चालूच. माती सारखी उकरली की लाडावते, असं मी त्यांना पुष्कळदा समजावलं. आमच्या बाजूची माती खानदानी आहे, तिला वळण आहे. त्यावर आक्का म्हणायच्या, "असेल बाई. लाल पेन्सिलीला घाबरत असेल." मी घरी बसून छापखान्यांची मुद्रितं तपासते, त्यावरचा हा टोमणा. तो त्या गेली कित्येक वर्षं वापरतायत, तरी झिजलेला नाही.

आक्का दोन्ही गुडघे बदलून घ्यायला लेकीकडे गेल्यात, त्याला महिना होत आला. घर शांत आहे. खरखर नाही, टोमणे नाहीत, दुपारचा चहा एकटीला पिता येतो. मला फार बरं वाटतंय.

तण उपटून टाकलं. विषय संपला.

६ जुलै

विषय संपलेला नाही. एकाच्या जागी तिघं आलीत, शिवाय गुलाबाच्या वाफ्यात त्यांचे चुलते. मी एक उपटायला गेले तर तेवढं पातं हातात आलं. नवऱ्यानं चष्मा लावून वाकून बघितलं आणि दवाखान्यातल्या आवाजात म्हणाला, "वरचं मोडून काय उपयोग? मूळ आत राहिलंय. आता हे ठणकणार."

संध्याकाळी आक्कांचा फोन. गुडघ्यांबद्दल विचारलं तर म्हणाल्या, "आहेत जागेवर." मग विचारलं, "अंगण कसं आहे?"

म्हटलं, आरशासारखं. आजारी माणसाला उगाच काळजी कशाला?

"दोन्हीकडचं?"

"दोन्हीकडचं."

"बरं" म्हणाल्या आणि फोन ठेवला. औषधांनी माणूस कमी बोलतो, असं दिसतं. आणखी थोडी औषधं असती तर आमचे संबंध आदर्श झाले असते.

९ जुलै

आज दवाखान्याला सुट्टी. नवरा सकाळीच दवाखान्यातली जुनी हत्यारं घेऊन अंगणात उतरला: चिमटे, पकडी, टोच्या आणि तोंडात घालायचा तो चिमुकला आरसा. गुडघ्याखाली उशी घेतली, कपाळावर दिवा बांधला. मी गमतीनं विचारलं, भूल देणार का? त्यानं ऐकलंच नाही. कामात असला की तो बायकोचं ऐकत नाही, आणि कामात नसला की ऐकल्यासारखं करतो.

एका रोपाशी तो चहा होऊन जेवणाची वेळ येईपर्यंत बसला होता. कडेनं माती सोडवली, हळूहळू हलवलं, "आता जरासं दुखेल" असं सवयीनं म्हणाला, आणि अखेर पाळामुळांसकट बाहेर काढलं. खाली काळी गाठ होती, वाटाण्याएवढी. त्यानं ती उजेडात धरली आणि त्याचा चेहरा असा उजळला, की आमच्या लग्नाच्या फोटोतही तो तसा दिसत नाही. दिवसभरात त्यानं ट्रेभर गाठी काढल्या, धुतल्या आणि आकाराप्रमाणे लावून ठेवल्या. "एकही मूळ आत तुटलं नाही," तो म्हणाला.

जेवताना ट्रे टेबलावर होता. माणसाला छंद असावा.

१७ जुलै

जिथून एक गाठ काढली होती, तिथं आता अख्खं कुटुंब नांदतंय. अंगणात नवऱ्याच्या कामाचा नकाशाच उमटलाय. जिथं हात लागला नाही तिथं तुरळक, जिथं लागला तिथं गर्दी.

कपाटात मागच्या वर्षी आलेली एक बागकामाची पुस्तिका होती. शोधून काढली. तिचं मुद्रित मीच तपासलं होतं. पहिल्यापासून शेवटपर्यंत अक्षरन् अक्षर वाचलं होतं आणि त्यातला एकही शब्द डोक्यात शिरला नव्हता. हाच आमच्या धंद्याचा गुण आणि हाच दोष. पान उघडलं. ह्या तणाचं नाव लव्हाळा. त्याच्या गाठी मातीखाली दोऱ्यात ओवल्यासारख्या असतात. वरची जागी असते तोवर तिच्या धाकात खालच्या झोपून राहतात. दोरा तुटला की सगळ्या जाग्या होतात आणि एकेक गाठ वेगळा संसार थाटते.

म्हणजे नवऱ्यानं कर्त्या माणसाला तेवढं उचललं आणि मागे एकत्र कुटुंबाची वाटणी झाली. त्याला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "दातांचं असं नसतं." मला त्याची कीव आली. एवढी वर्षं तो अशाच ठिकाणी काम करतोय, जिथं काढलेली गोष्ट परत येत नाही.

२१ जुलै

उकळतं पाणी. पुस्तिकेच्या तिसऱ्या पानावर लिहिलंय, फटीतल्या तणावर उकळतं पाणी ओतावं. ओतलं. फटीतलं तण मलूल झालं, हे खरं. नवऱ्याच्या डाव्या पायाचा अंगठाही मलूल झाला. तो "नीट ओत" हे सांगायला जवळ आला होता. आता दवाखान्यात एका पायात बूट आणि एका पायात चप्पल घालून जातो. पेशंट म्हणे स्वतःचं दुखणं विसरून त्याच्या पायाची चौकशी करतात.

२३ जुलै

मलूल झालेलं तण आज टवटवीत आहे. नवऱ्याचा अंगठा अजून नाही.

२६ जुलै

व्हिनेगर आणि मीठ. हे पुस्तिकेत नव्हतं, रोपवाटिकेच्या मालकानं सांगितलं. हा गृहस्थ रोपं विकतो आणि सल्ला फुकट देतो. सल्ल्यानं रोपं मेली की माणूस परत त्याच्याचकडे रोपं घ्यायला येतो, असं ते चक्र आहे. गुलाबाच्या वाफ्यात भरपूर शिंपडलं. अंगणाला बरणीसारखा वास सुटला. गुलाबांची पानं करपली. लव्हाळ्यानं ओठ चाटले असावेत.

दुपारी भाचीचा फोन आला. आक्कांची लेक, सरळ स्वभावाची मुलगी, आमच्या घराण्यात कुठून आली कोण जाणे. म्हणाली, "मामी, खरं सांगा. डॉक्टर म्हणतात, आईनं आता खाली बसायचं नाही, उकिडवं तर नाहीच. मग तिथं परत येऊन ती करणार काय? मला वाटतं, इथंच राहावं तिनं. तिला विचारलं तर म्हणते, मामीला विचार, तिकडे माझ्यावाचून काही अडलंय का."

मी म्हटलं, काहीही अडलेलं नाही. सगळं उत्तम चाललंय, आक्कांनी कसलीही काळजी करू नये, लेकीकडे सुखानं राहावं. मोठ्या मनानं बोलले. खिडकीतून आक्कांची बाजू दिसत होती. तिकडे मी गेले नव्हते, कारण जाताना त्यांनी बजावलं होतं, "पाणी घाल. बाकी माझ्या बाजूला हात लावू नकोस." आता तिथं वाफे कुठले आणि वाट कुठली तेही कळत नाही.

भाचीनं फोन आक्कांना दिला. "माझ्या बाजूचं कसंय?" त्यांनी विचारलं.

"झकास. तुम्ही होता तेव्हापेक्षा चांगलं."

"बरं," त्या म्हणाल्या. "मग काय."

"मग काय" नंतर आक्का नेहमी काहीतरी म्हणतात. आज काही म्हणाल्या नाहीत. भाचीकडे जेवणखाण नीट होत नसावं.

१ ऑगस्ट

आता युद्ध विटांच्या ओळीपलीकडे न्यायचं ठरवलं. शत्रूचं मूळ ठाणं तिकडेच असणार. हात लावायचा नाही असं बजावलंय, पण मी हात लावणारच नव्हते, कागद लावणार होते. पुस्तिका म्हणते, कागदाचे जाड थर अंथरले की खाली उजेड जात नाही आणि तण गुदमरतं. रद्दीवाला कालच येऊन गेल्यामुळे घरात वर्तमानपत्र नव्हतं. होती ती जुनी मुद्रितं, माझ्या लाल खुणांसकट. एका कादंबरीचे गठ्ठेच्या गठ्ठे. आक्कांच्या वाफ्यांवर ती अंथरली, वर दगड ठेवले. लांबून छान दिसत होतं, सगळी बाग तपासून झाल्यासारखी.

२ ऑगस्ट

रात्री वारा सुटला. दगड कमी पडले. सकाळी कादंबरी गल्लीभर झाली होती. काही पानं विजेच्या तारांवर होती, काही समोरच्या वकीलबाईंच्या गाडीच्या काचेवर. मी हातात पिशवी घेऊन घरोघर फिरले. एका घरात आजोबांनी पान परत द्यायला नकार दिला, त्यांचं वाचून व्हायचं होतं.

वकीलबाई स्वतः पान घेऊन आल्या. "ती विहिरीशी उभी आहे आणि तो मागून येतोय, इथं पान संपतं," म्हणाल्या. "पुढचं कुठंय?"

मला काय ठाऊक? मी ती कादंबरी दोनदा तपासली, पण विहिरीत वेलांटी कुठली एवढंच बघितलं होतं. तसं सांगितलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे, साक्षीदार फुटल्यावर बघतात तसं बघितलं. मग त्यांचं लक्ष अंगणाकडे गेलं.

"आक्का नाहीत ना, म्हणून हे," त्या म्हणाल्या. "मी पहाटे फिरायला निघते ना, रोज दिसायच्या इथं."

मी सुधारलं, तिकडे दिसत असतील, त्यांच्या बाजूला.

"तिकडे नंतर. आधी इथं. तुमच्या पायरीशी."

त्या गेल्या आणि मी पायरीवरच बसले. आमच्या पायरीशी! रोज! पहाटे! म्हणजे मी इथं दाराआड निर्धास्त झोपलेली असताना ही बाई आमच्या दाराशी टेहळणी करत होती. दुधाच्या पिशव्या किती येतात, दिवा कधी लागतो, सगळं मोजत असणार. मला आधीपासून संशय होताच. नवऱ्याला सांगितलं, तर तो अंगठ्याला मलम लावत म्हणाला, "आक्काला काय करायचीय आपली टेहळणी? तिला आपण पाठ आहोत."

५ ऑगस्ट

काळं प्लास्टिक. खाली उन्हानं सगळं शिजतं म्हणतात.

११ ऑगस्ट

प्लास्टिक उचलून बघितलं. खाली लव्हाळा पांढराफटक पडलाय, पण जिवंत आहे. आजारातून उठलेला माणूस जसा अंथरुणात उठून बसतो आणि "काय केलंय जेवायला?" विचारतो, तसा. मी प्लास्टिक परत टाकलं. काही गोष्टी न बघितलेल्या बऱ्या.

आज दुपारी चुकून दोन कप चहा केला.

१३ ऑगस्ट

भाचीचा निरोप आला. ठरलं. आक्का तिकडेच राहणार. ह्या रविवारी भाची गाडी घेऊन सामान न्यायला येतेय. आक्काही सोबत येतील, पण गाडीतच बसतील, पायऱ्या नकोत म्हणून. फार काही न्यायचं नाही, कपडे, औषधांचा डबा, दोन भांडी. निरोपाच्या शेवटी होतं, "आई म्हणते, खुरपं कुणाला तरी देऊन टाका. तिला आता लागायचं नाही."

नवऱ्यानं निरोप वाचला, चष्मा पुसला, पुन्हा वाचला. जेवणात मीठ जास्त झालंय म्हणाला. मीठ बरोबर होतं.

मी म्हटलं, चला, अंगण आता पूर्ण आपलं. विटांची ओळ काढून टाकता येईल. सगळीकडे फरशी घातली की प्रश्नच मिटला. ह्या कल्पनेचा मला आनंद व्हायला हवा. संध्याकाळपर्यंत होईल.

१४ ऑगस्ट

झाला नाही.

सामान बांधायला आक्कांच्या ओसरीवर गेले. खुरपं खिळ्याला टांगलेलं होतं, पातं भिंतीकडे करून. कुणाला द्यायचं म्हणजे आधी धड आहे का ते बघावं, म्हणून हातात घेतलं. मूठ इतकी गुळगुळीत, की साबणानं धुतल्यासारखी. पण पात्याचं टोक विचित्र होतं. खुरप्याचं पातं रुंद असतं. ह्याचं टोक घासून घासून अरुंद केलेलं, जिभेसारखं, आणि टोकाशी जरासं वळवलेलं. मला वाटलं, झिजलं असेल. पण झिजलेली वस्तू एका बाजूनं झिजते, हे दोन्हीकडून सारखं घासलेलं होतं. कुणीतरी कानशीनं बसून केल्यासारखं.

मातीत असलं टोक कशाला लागतं? आक्कांच्या बाजूला तर नुसती मऊ माती आहे.

तसंच ते घेऊन आमच्याकडे आले. पायरीशी बसले. मुद्रित तपासताना एखादा शब्द इतक्या वेळा डोळ्याखालून जातो, की चूक दिसतच नाही, आणि मग एकदा दिसली की दुसरं काही दिसत नाही. मी खुरप्याचं टोक दोन फरश्यांमधल्या फटीत घातलं. किल्ली कुलपात बसावी तसं बसलं. हलवलं, आणि आतलं पातं मातीसकट अलगद वर आलं. शेजारच्या फटीतही बसलं. तिच्या शेजारच्याही. आमच्या अंगणातल्या सगळ्या फटी ह्या खुरप्याला ओळखत होत्या.

मी बराच वेळ तिथं बसले होते. नवरा येऊन बघून गेला. अंगठा बरा झाल्यापासून तो हळू चालतो.

आमच्या खानदानी मातीबद्दल मी आक्कांना किती वेळा ऐकवलं असेल, ते आठवायचा प्रयत्न केला. मग सोडून दिला. आणि त्या प्रत्येक वेळी "असेल बाई" म्हणाल्या. कशासाठी केलं हे सगळं, ते विचारायचीही सोय नाही. विचारलं तर म्हणतील, झोप येत नव्हती.

१५ ऑगस्ट

आज फोन केला. कशाला केला ते नीटसं सांगता येणार नाही. रविवारी येऊन त्यांनी गाडीतून हे दृश्य बघितलं असतंच, तेव्हा खोटं उघडं पडण्यापेक्षा आपण सांगितलेलं बरं, असा हिशोब असावा. खुरप्याचं काही बोलायचं नाही, हे ठरवून ठेवलं होतं. भाचीनं उचलला, मी म्हटलं आक्कांना दे.

"आक्का, अंगणाचं वाटोळं झालंय."

"कुणाच्या बाजूचं?"

"दोन्हीकडचं."

"तू तर आरसा म्हणाली होतीस."

"आरसा फुटला."

"लव्हाळा?"

"लव्हाळाच."

"बाळ्यानं उकरला." बाळ्या म्हणजे पन्नाशी ओलांडलेला, टक्कल पडलेला माझा दंतवैद्य नवरा. आक्का विचारत नव्हत्या, सांगत होत्या.

"हो."

"चिमटा घेऊन?"

"आणि आरसा घेऊन. कपाळाला दिवा बांधून."

पलीकडून खोकल्यासारखा आवाज आला. मी घाबरले, पाणी द्या म्हणाले. नंतर भाचीनं सांगितलं, आई हसत होती, इथं आल्यापासून पहिल्यांदा. मग मी बाकीचंही सांगितलं: उकळतं पाणी, व्हिनेगर, मीठ, कादंबरी, प्लास्टिक. प्रत्येक गोष्टीला त्यांचा आवाज चढत गेला. मीठ ऐकल्यावर तर माझी अक्कल, माझं शिक्षण, माझी लाल पेन्सिल आणि हे स्थळ जुळवणारा मध्यस्थ, सगळ्यांचा उद्धार झाला. फोन कानाला गरम लागेपर्यंत त्या बोलत होत्या. एवढ्या शिव्या खाऊन माणसाला वाईट वाटायला हवं. मला भूक लागली.

शेवटी म्हणाल्या, "मी येईपर्यंत कशालाही हात लावू नका. दोघंही. आणि ते खुरपं कुणाला दिलंस तर बघ."

म्हटलं, नाही दिलं.

१८ ऑगस्ट

काल रविवार. गाडीतून आधी काठी उतरली, मग आक्का, मग एक शब्द: "शी."

भाचीनं मागचं दार उघडून आक्कांची बॅग बाहेर काढली. आणलेली रिकामी खोकी उघडलीच नाहीत. माझ्याकडे बघून हसली आणि म्हणाली, "मामी, तुम्ही आधीच का नाही सांगितलं अंगण बिघडलंय ते? उगाच दोन महिने ती भिंतीकडे बघत बसली." मला तिचं म्हणणं नीट कळलं नाही. अंगणाचा आणि भिंतीचा काय संबंध?

आक्का आता उंच खुर्चीत बसतात, विटांच्या ओळीवर बरोबर मध्यभागी, आणि काठीनं दाखवतात. बुटकं स्टूल भाचीनं माळ्यावर टाकलंय. लव्हाळ्याचं औषध त्यांनी एका वाक्यात सांगितलं: "त्याला मारायला जायचं नाही, दमवायचं." रोज वरचं पातं कापायचं, उकरायचं नाही. खालची गाठ परत पातं पाठवते, परत कापायचं. पाठवून पाठवून गाठ रिकामी होते. "वर्ष लागेल, दोन लागतील," त्या म्हणाल्या, "आपल्याला कुठं जायचंय?"

नवरा कात्री घेऊन बसलाय. मूळ आत ठेवायचं हे त्याच्या जिवावर येतं, पण बहिणीपुढे बोलायची त्याची टाप नाही. "बाळ्या, ते कोपऱ्यातलं." "बाळ्या, उकरू नकोस, सवय सोड."

आमच्या पायरीखालच्या फटींवरून आक्कांची नजर फिरली. म्हणाल्या, "ह्या खानदानी मातीला काय झालं गं?"

"वळण बिघडलं," मी म्हटलं. त्यांनी काठी दुसरीकडे वळवली.

२६ ऑगस्ट

दुपारचा चहा दोन कप. साखर कमी पडली म्हणून ऐकून घेतलं.

आक्कांनी आमची बाजू आमच्यावर सोपवलीय, पण स्वतःची बाजू कुणाला शिवू देत नाहीत. रोपवाटिकेतून लांब दांड्याचं खुरपं मागवलंय, उभ्यानं चालवायचं. सकाळी ऊन चढेपर्यंत एक वाफाही पुरा होत नाही. दोन वार करतात, काठीवर रेलतात, पुन्हा दोन वार. मी मदतीला गेले तर म्हणाल्या, "ओळीपलीकडे." तिकडे भिंतीलगत, जिथं वाकल्याशिवाय हात पोचत नाही, तिथं लव्हाळा दाट झालाय. आक्का तिकडे बघतात आणि मग आभाळाकडे बघून उकाडा किती आहे ते सांगतात.

नवरा म्हणतो, रात्री तिच्या खोलीत दिवा बराच वेळ असतो. गुडघे ठणकतात, मग झोप पहाटे लागते. उजाडल्यावरही उठत नाही.

३ सप्टेंबर

पहाटे जाग आली. लवकर उठायची मला सवय नाही. ही वेळ दूधवाले, कोंबडे आणि वकीलबाई यांच्यासाठी राखून ठेवलेली आहे असं माझं मत होतं. चप्पल न घालता विटांची ओळ ओलांडली. ओसरीवरचं खुरपं खिळ्यावरून काढलं. भिंतीलगत बसले आणि एक पट्टा कापला, आक्कांच्या पायरीपासून नळापर्यंत. कापलेलं सगळं पदरात घेऊन आमच्या कचऱ्याच्या डब्यात, वर कागद. खुरपं नळाखाली धुतलं आणि जसं होतं तसं, पातं भिंतीकडे करून, परत टांगलं. रस्त्यावरून वकीलबाई गेल्या. मी ओठांवर बोट ठेवलं. त्यांनी मान हलवली. वकिलांना गुपित ठेवायचं शिक्षण असतं, तरी आपण सांगितलेलं बरं.

परत येऊन झोपले. नेहमीच्या वेळी उठले आणि जांभई देत दार उघडलं, तीही जरा मोठ्यानं.

९ सप्टेंबर

आता रोज थोडं थोडं चाललंय. कंबर मोडते. दुपारी मुद्रितावर डुलकी लागते. काल एका मंत्र्याच्या भाषणात मी चक्क एक चूक राहू दिली. तेवढी त्याला शोभेल.

१४ सप्टेंबर

दुपारी चहा घेताना आक्का आपल्या बाजूकडे बघत होत्या. भिंतीलगतची माती मोकळी दिसत होती, काळी, स्वच्छ.

"यंदा माझ्याकडे तण कमी आहे," त्या म्हणाल्या.

"असेल," मी म्हटलं. "तुमची माती खानदानी आहे."

आक्कांनी कप बशीत ठेवला. माझ्याकडे बघितलं, मग माझ्या नखांकडे, मग ओसरीवरच्या खिळ्याकडे. मला वाटलं, आता निघणार सगळं. पण त्या चहाचा शेवटचा घोट पिऊन, काठी टेकून उठल्या, आणि जाता जाता म्हणाल्या, "खुरपं धुतलं की पुसून टांगावं. नाहीतर गंजतं."

उद्या फडकं घेऊन जायचं.